साहेबाला कोयता माहीत नाही

माझी दोन नातवंडं मेलबर्नला राहतात. ईथन सतरा वर्षांचा, रिया बारा. दोघांना मराठी बोललेलं कळतं, लिहिलेलं अक्षरं जोडत जोडत वाचता येतं. म्हणून आमच्या चर्चच्या नाताळ अंकात या वर्षी मी सोप्या वाक्यांत लिहिणार आहे. श्रीरामपूरच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं. त्यांना चांगल्या माहीत असलेल्या काही गोष्टीही मी मधूनमधून समजावून सांगेन.

निमित्त रियाच्या प्रश्नाचं. मागे एकदा व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "आजी, तू सत्तर वर्षांची आहेस. अजून कामाला का जातेस?"

मी म्हटलं, "एका साहेबाला गोष्टी समजत नाहीत. त्या मी त्याला इंग्रजीत समजावून सांगते."

"कोणता साहेब?"

"कॉम्प्युटरमधला."

यावर तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, पडद्याच्या कडेने डोकावून म्हणाला, "आई, असं कुठलं पद नसतं." तो स्वतः याच क्षेत्रात आहे, त्यामुळे त्याला पदांची चांगली माहिती आहे. कामाची मला आहे.

मी एकतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या कचेरीत स्टेनो होते. इंग्रजी मिशनच्या शाळेत शिकले, लघुलिपी पुण्याला. साहेब बोलायचे, मी वहीत घ्यायची आणि मग टाइप करायची. पण साहेब बोलले ते जसंच्या तसं टाइप करणं म्हणजे स्टेनोचं काम नव्हे. साहेब चिडून म्हणत, "लिहा त्या गाढवाला, की तुला अक्कल नाही." कागदावर उतरायचं, 'आपल्या पत्रातील मुद्द्यांचा कृपया पुनर्विचार व्हावा.' घ्यायचं बोललं तसं आणि द्यायचं नीटनेटकं, ही माझी पद्धत. तिचा मला अभिमान होता. पुढे जी चूक झाली ती या अभिमानापोटीच झाली.

आता भाऊसाहेब पेंटर. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर यांचं दुकान. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, टेम्पोच्या मागची नावं आणि मोर, हे सगळं पंचवीस वर्षं त्यांनी हाताने रंगवलं. मग फ्लेक्स आला आणि ब्रश खोक्यात गेले. भाऊसाहेब हळहळत बसले नाहीत, फ्लेक्स छापायला लागले. नंतर हे नवं आलं, शब्दांत सांगितलं की चित्र काढून देणारं, आणि पंचावन्नाव्या वर्षी भाऊसाहेब तेही मोबाईलवर बघून बघून शिकले. त्याला मराठी समजतं असं म्हणतात. भाऊसाहेबांचा अनुभव असा, की मराठीत सांगितलं की तो मान डोलावतो आणि मनाचंच करतो. इंग्रजीत सांगितलं तर कमी मनाचं करतो.

म्हणून ते एका सकाळी माझ्या दारात आले.

"मॅडम, तुमी कारखान्यात साहेब लोकांची कागदं करायच्या ना?"

"हो. का?"

"माझ्याकडं एक साहेब आलाय. इंग्लिश समजतो, चुकलो असं कधी म्हनत न्हाई, आन् आयुष्यात कधी उसाच्या फडात पाय ठेवलेला न्हाई. तुमाला सवय हाय."

तेव्हापासून आम्ही त्याला साहेबच म्हणतो.

काम असं असतं. गिऱ्हाईक भाऊसाहेबांना सांगतं, मी ऐकून वहीत घेते, घरी टेबलाशी बसून त्याचं इंग्रजी करते. माणूस कोण, उभा कुठे, अंगात काय, हातात काय, उजेड कुठून, हे क्रमाने लिहायचं. सगळ्यात महत्त्वाचं शेवटी: काय नको. साहेबाने आपला देश एखाद्या पर्यटकासारखा पाहिलेला आहे. 'गाव' म्हटलं की तो किल्ला काढतो, 'बाई' म्हटलं की घागरा, आणि 'म्हातारी' म्हटलं की खिडकीशी बसून गोड हसणारी, पितळी भांड्यांच्या मधली कोणीतरी. त्यामुळे 'उंट नको, हत्ती नको, कंदील नको, कॅमेऱ्याकडे बघून हसू नको' अशी यादी मी एकदा नीट टाइप करून भिंतीला लावली आहे. ती रोज वाढते.

आमच्याच चर्चच्या कॅलेंडरची गोष्ट इथल्या वाचकांना आठवत असेल. कमिटीला गव्हाणीजवळचे मेंढपाळ आपल्याकडचे हवे होते, खांद्यावर घोंगडी घेतलेले धनगर. साहेबाने पहिल्यांदा त्यांना उंट दिले, दुसऱ्यांदा पागोटी राजस्थानची दिली. चौथ्या प्रयत्नात माणसं अगदी जामखेडच्या बाजारातली वाटावीत अशी आली. आम्ही खुश होऊन छापून टाकलं. जानेवारीत एका आजोबांनी मला गाठलं. "बाई, मेंढपाळ आपले हायेत. मेंढरं कुठली? हे पांढरंफेक गबदूल मेंढरू ह्या जिल्ह्यात एक दिस तरी जगंल का?" वर्षभर घराघरांत ती परदेशी मेंढरं भिंतीवर चरत होती. मेंढरांबद्दल यादीत काही लिहायचं मला सुचलं नव्हतं.

एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. कार्यकर्ता म्हणाला, "दादांचं पोट जरा आत घ्या." साहेबाने पोट आत घेतलं, आणि हात लागलाच आहे तर वीस वर्षंही काढून टाकली. चौकात लोक विचारू लागले, हा नवीन कोण उभा राहिला? आम्ही घाबरून दुसरा छापायला घेतला, तर दादांचाच निरोप आला: असू द्या, बरा वाटतो.

असे दिवस मजेत चालले होते. मग लता सानप आली.

लता एसटीत कंडक्टर आहे. ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच आली. दुकानात भाऊसाहेब, मी आणि एक लग्नपत्रिकेवाले असे तिघे होतो, तरी सवयीने म्हणाली, "सरका जरा आत, जागा हाय की." मग माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"मावशी, आईचा फोटो करायचाय."

"जुना फोटो द्या ताई," भाऊसाहेब म्हणाले.

"न्हाई."

"बारका असला तरी चालंल. रेशनकार्डावरचा, कुठल्या लग्नातला."

"आवो, काढलाच न्हाई कधी. असता तर तुमच्याकडं कशाला आले असते? झेरॉक्सवाल्याकडं गेले असते."

तिचे आईवडील जामखेड तालुक्यातले, ऊसतोडीला जाणारे. नातवंडांसाठी सांगते: त्या कोरड्या भागातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला मुलाबाळांसह कारखान्यांच्या पट्ट्यात येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या बांधून राहतात आणि सहा महिने ऊस तोडून परत जातात. लताची आई सखूबाई. लता नऊ वर्षांची असताना ती तापाने गेली. धाकटा बाळू तेव्हा दीड वर्षाचा. वडील अलीकडे गेले. बाळू आता शाळेत मास्तर आहे, त्याने गावी घर बांधलं आहे, आणि महिन्याभराने त्याची वास्तुशांती. पुढच्या खोलीत गेलेल्या आईवडिलांचे फोटो शेजारी शेजारी लावायचे, त्यांना हार घालायचे, ही सगळ्यांच्या घरची रीत. वडिलांचा फोटो मतदान ओळखपत्रावरून मोठा करून झाला होता.

"बाळू म्हनतो एकट्या वडलांचाच लावू. मला ती शेजारची रिकामी भिंत बघवायची न्हाई, मावशी. तिला बघितलेली आता मी एक आन् आमची म्हातारी आत्या. आन् खरं सांगू का, मलाबी तिचा चेहरा इसरत चाललाय."

मी वही उघडली. लता सांगत गेली, मी घेत गेले. काळीसावळी, उन्हाने रापलेली. कपाळ मोठं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि वरून नवऱ्याचा शर्ट; उसाचं पान पात्यासारखं कापतं, म्हणून तोडणीच्या बाया लुगड्यावर पुरुषांचा शर्ट घालतात. मिशरीने दात काळे. एका कानाची पाळी फाटलेली. केसांत पाचट. हसायची नाही.

घरी टेबलाशी बसून मी पक्की प्रत करायला घेतली. कोणाच्या तरी आईचे काळे दात इंग्रजीत लिहिणं मला बरं वाटेना. ते काढले. पुरुषाचा शर्ट लिहिला तर साहेब बाईचा पुरुष करील, म्हणून शर्ट काढला. कानाची पाळी कशाला उगाच. पाचट म्हणजे अस्वच्छता; त्याऐवजी नीट विंचरलेली वेणी लिहिली. 'हसायची नाही' याच्या जागी मी 'शांत, सौम्य मुद्रा' असं घातलं. प्रत इतकी सुबक झाली की दोनदा वाचली.

चित्र आलं. सोज्वळ, प्रसन्न, कपाळावर गोल कुंकू, काठापदराची साडी. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, पहिल्याच दणक्यात!" बाळूने फ्रेमचं माप विचारायला फोन केला होता, म्हणून त्यांनी चित्र त्याला पाठवूनही दिलं. लता दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आली. पडद्यापाशी वाकली.

"मावशी, ही कोन?"

"तुझी आई."

"ही बँकेतली बाई हाय. 'लंच टाईम हाय, नंतर या' म्हननारी. हिनं उसाचं कांडं तरी कधी हातात धरलंय का?"

इतक्यात तिचा फोन वाजला. बाळू. तिने स्पीकर लावला.

"ताई, लई भारी झालाय गं फोटो! मी घरच्या ग्रुपवर टाकला. समदे हुबेहूब म्हनत्यात."

"बाळू, ती आई न्हाई."

"आगं आत्याला दावला मोबाईलवर. व्हय म्हनली, सखूच हाय म्हनली."

"आत्याला मोतीबिंदू हाय."

"आन् तुला नऊ वर्साची असतानाचं समदं आठवतंय व्हय? तू एकटी बरूबर आन् गाव चुकलं?" मग तो म्हणाला, "मला तर कायच न्हाई ना आठवत. मला ही चालंल."

लताने फोन खिशात ठेवला. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "मावशी, ही एकदा भिंतीवर लागली ना, की मला जी थोडीफार आठवती तीबी जाईल. रोज हिच्याच पाया पडायचं. मग हीच आई व्हायची."

मी वही काढली आणि तिने काय सांगितलं होतं आणि मी काय लिहिलं, दोन्ही वाचून दाखवलं. एकतीस वर्षांत एकाही साहेबाला मी असं वाचून दाखवलं नव्हतं.

ती ऐकत होती. "म्हंजी माझ्या आईचे दात तुमी घासले."

"हो."

"आन् येनी बी घातली."

"हो."

भाऊसाहेबांनी चहा सांगितला.

मग आम्ही रोज दुपारी बसायला लागलो. आता मी शब्दही बदलला नाही. पण साहेबाला जसंच्या तसं सांगितलं की तो वेगळ्याच टोकाला जातो. काळे दात म्हटल्यावर त्याने चेटकीण काढली. फाटकी पाळी म्हटल्यावर अख्खा कान नाहीसा केला. हसत नाही म्हटल्यावर अशी बाई दिली, की तिच्यावर नुकताच डोंगर कोसळला असावा. प्रत्येक चेहऱ्यावर लता 'न्हाई' म्हणायची. दहा, पंधरा, वीस चेहरे. चौथ्या दिवशी तिने डोळे मिटून घेतले.

"बास करा. आता मला कुठलीच आठवंना. समद्या एकमेकीत मिसळल्या."

मी घाबरले. उरलीसुरली आठवण वाचवायला म्हणून बाई आमच्याकडे आली होती, आणि चार दिवसांत आम्हीच ती पुसत आणली होती. मी भाऊसाहेबांना पडदा बंद करायला सांगितला.

कचेरीत साहेबांना पत्र सुचत नसलं की मी एक युक्ती करायची. काय लिहायचं ते विचारायचं नाही. आपण कुठे होतो, कोणासमोर होतो, ते विचारायचं. तेच विचारलं.

"लता, ती कशी होती ते राहू दे. तू कुठे असायचीस?"

"तिच्या मागं."

"म्हणजे?"

"म्हंजी मागंच की. सकाळी फडावर जाताना ती पुढं, मी मागं. दिवसभर ती वाकून ऊस तोडायची, मी मागनं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायची. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायची, मी खाली उभी. पडती का काय म्हनून बघत." तिने डोळे उघडले. "मावशी, मला तिची पाठ आठवती. समदी आठवती. निळ्या चौकटीचा शर्ट, उजव्या खांद्यावर दुसऱ्याच कापडाचं ठिगळ, तपकिरी. घामानं पाठीवर नकाशा व्हायचा. टाचा अशा फुटलेल्या, की बोट जाईल. कोयता उजव्या हातात, खाली धरलेला, पाय चालंल तसा हालायचा."

मी घेत होते. माझी लघुलिपी इतक्या वेगाने कित्येक वर्षांत धावली नव्हती.

भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, साहेबाला सांगा, पाठमोरी काढ."

सांगितलं. साहेबाला हे मुळीच मान्य नव्हतं. माणूस म्हटला की चेहरा पाहिजे, असं त्याचं ठाम मत. पाठमोरी बाई त्याने काढली, पण मान वळवून आमच्याकडे बघणारी, सिनेमातली. चेहरा नको असं बजावलं, तर समोरून काढली आणि चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत अंडं ठेवलं. उसाच्या जागी बांबू आले. बांबू आले म्हणून एकदा कोपऱ्यात पांडा आला. तो ऊस खात होता असं भाऊसाहेबांचं म्हणणं. कोयत्याच्या जागी तलवार, चंद्रकोर, मग परदेशी शेतकऱ्याची ती लांब दांड्याची विळी. मी इंग्रजीत कोयत्याचं वर्णन सात प्रकारे केलं. साहेबाने सात शस्त्रं दिली.

याच सुमारास पुण्याहून एक तरुण बाई दुकानात आल्या. नव्या तंत्राने चित्रं करणाऱ्या गावोगावच्या कलाकारांचं प्रदर्शन त्या भरवत होत्या. भाऊसाहेबांनी वाघ, सूर्योदय, दादांचा फ्लेक्स असं उत्तमातलं उत्तम काढून दाखवलं. त्यांनी त्याकडे नीट बघितलंही नाही. त्यांची नजर टाकून दिलेल्या कच्च्या छपाईच्या गठ्ठ्यावर गेली. तलवारवाली, अंड्याच्या चेहऱ्याची, पांडा. "हे! हेच हवंय मला," त्या म्हणाल्या.

"आवो, ह्या चुका हायेत," भाऊसाहेब कळवळून म्हणाले.

"म्हणूनच."

बँकेतली बाईही त्यांनी निवडली. मी लताला विचारलं, चालेल का? ती म्हणाली, "न्या की. ती कुठं माझी कोन लागती?"

प्रदर्शनाला मी गेले होते. पांढऱ्या भिंती, थंड हवा. पांडासमोर दोन माणसं हाताची घडी घालून गंभीर उभी होती. बँकेतल्या बाईसमोर एका गृहस्थांचे डोळे भरून आले होते. त्यांना स्वतःची आई आठवली म्हणे. इतकी सर्वांची आई मी तयार केली होती. माझी पक्की प्रत शेजारी चौकटीत लावली होती, 'स्मृतीचे प्रमाणीकरण' असा मथळा देऊन. भाऊसाहेब नवा शर्ट घालून माझ्या कानाशी आले. "मॅडम, आपन चुकलो का जिंकलो, तेवढं सांगा."

पण त्याच्या आधीच आमचं काम झालं होतं. सातव्या शस्त्रानंतर भाऊसाहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं.

"साहेबाला कोयता माहीत न्हाई, मॅडम. मला हाय."

पडद्यावर चित्र काढायचा एक पेन असतो, तो त्यांनी हातात घेतला. पाटी रंगवताना घेत तसा श्वास घेतला आणि एका दमात कोयता काढला. आखूड, रुंद, टोकाशी किंचित वाकलेला, लाकडी मुठीचा. मग ठिगळ. मग टाचा. वळून बघणारी मान त्यांनी सरळ केली आणि डोक्यावर मोळी दिली. बांबू जाऊन एकदाचा आलेला ऊस आणि शर्टावरचा घाम तेवढा साहेबाचा राहिला. घाम त्याने फार चांगला काढला होता, कुठून शिकला कोण जाणे.

लता आली, बघितलं. दुकानातल्या दुकानात ती चार पावलं मागे सरकली, पाठ दाराला टेकेपर्यंत.

"येवढ्या लांब असायची," ती म्हणाली.

पुण्याच्या बाईंनी हे चित्रही मागितलं. लता म्हणाली, "ती न्हाई. ती घरी चाललीय."

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण नातवंडांना आजी जशी होती तशी कळावी. कचेरीतल्या माझ्या टेबलाच्या खिडकीतून कारखान्याचा उसाचा वजनकाटा दिसायचा. एकतीस वर्षं उसाच्या गाड्या त्या खिडकीखालून गेल्या आणि त्यांच्याबरोबर माणसंही. माझ्या पत्रांत ती 'तोडणी मजूर' अशी असत, बहुधा 'उपलब्धता' या शब्दाच्या आधी. मी एकीचंही नाव विचारलं नाही. सखूबाई आमच्याच कारखान्याचा ऊस तोडत होती का, हे मला लताला विचारायचं होतं. विचारलं नाही. हो म्हणाली असती तर पुढे काय बोलायचं, ते मला सुचलं नसतं.

वास्तुशांतीला लताने मला आग्रहाने नेलं. श्रीरामपूरहून नगर, नगरहून जामखेड, पुढे जीप. फ्रेम तिने सगळी वाट मांडीवर धरली होती. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय वो?" लता म्हणाली, "आई." बाईने पाय आखडून जागा करून दिली.

घर छान होतं. पुढच्या खोलीत वडिलांचा फोटो लागला होता आणि शेजारी पेन्सिलीची खूण केलेली होती. बाळूने कागद सोडला, चित्र बघितलं, आणि पाहुण्यांसमोर आवाज चढणार नाही इतपतच बोलला.

"ताई, ही पाठ हाय."

"व्हय."

"पाठ कुनी लावतं का भिंतीला? हार कुठं घालायचा? लोक म्हनतील, मास्तरची आई रुसून बसलीय."

"मला हीच आठवती."

"आन् मला? मला निदान ती दुसरी तरी... तिला तोंड तरी हुतं."

तेवढ्यात कोणीतरी आत्याबाईंना हाताला धरून आणलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवा चष्मा. त्या थेट फ्रेमशी आल्या, चष्मा वर केला आणि नाक काचेला लागेल इतक्या जवळ गेल्या.

"आगं बया. सखू."

"आत्या, तू त्या फोटोलाबी सखूच म्हनलीस," बाळू म्हणाला.

"म्हनले. येवढी चांगली साडीतली बाई आपल्या घरातली हाय म्हनल्यावर न्हाई कशाला म्हनू? तुला बरं वाटत हुतं." त्या पुन्हा काचेशी वाकल्या. "ही खरी. हिच्या मागं मीबी चालायचे. लई भरभर चालायची. थांब गं म्हनलं तरी थांबायची न्हाई. आन् ह्यो शर्ट बघ, ह्यो तर त्या सालचा. तवा तू पोटात हुतास."

बाळू फ्रेमच्या जवळ आला.

"पुढनं काढला असता तर दिसला असतास," आत्याबाई म्हणाल्या. "सातवा सरत आला हुता. मोळी काय टाकली न्हाई तिनं. पुढच्या साली शर्ट इरला, मग त्याचीच तुझी दुपटी केली. ठिगळासकट."

बाळूने लताच्या हातातून फ्रेम घेतली. तो शिकलेला माणूस, शाळेत मास्तर. तरी त्याने ती फ्रेम हळूच उलटी केली आणि मागून बघितली. मागे नुसता पुठ्ठा होता. तो त्याने तळहाताने एकदा पुसला. मग फ्रेम सरळ केली आणि भिंतीवरच्या खुणेशी नेऊन धरली.

"ताई," तो म्हणाला, "खिळा दे."